क्लॅप्टनची स्ट्रॅट की बेकची?

फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर, म्हणजेच स्ट्रॅट, ही इलेक्ट्रिक गिटार. गिटारवादक एरिक क्लॅप्टन आणि जेफ बेक यांच्या नावाने तिची दोन मॉडेलं: क्लॅप्टनची 1988 ची, बेकची 1991 ची. लांबून दोघी सख्ख्या बहिणी वाटतात. हातात घेतल्या की फरक कळतो.

क्लॅप्टनच्या गिटारचा ट्रेमोलो (दांडीने तारांचा सूर वरखाली करणारी यंत्रणा) आतून लाकडी ठोकळा घालून अडवलेला, त्यामुळे दांडी हलवायचा विषयच नाही. ट्यूनिंग मात्र ठाम. खरी गंमत आतल्या मिड-बूस्टची, म्हणजे मधल्या पट्टीचा आवाज वाढवणाऱ्या सर्किटची: 25 डेसिबलपर्यंत. नॉब हळूहळू फिरवला की किणकिणणारी स्ट्रॅट जाड, भरदार आवाजात गाऊ लागते, आवाज बदलणाऱ्या पेडलला पायही लावावा लागत नाही. पण हे सगळं नऊ व्होल्टच्या बॅटरीवर. केबल जॅकमध्ये तशीच राहिली की बॅटरी उतरते. माझी ऐन कार्यक्रमाआधी उतरली, चूक माझीच. तेव्हापासून गिटारच्या पेटीत एक जादा सेल असतोच.

बेकच्या गिटारला बॅटरीची कटकट नाही. रोलर नट (मानेच्या टोकाशी तारा अडकू न देणारी पट्टी) आणि लॉकिंग खुंट्या (तार घट्ट धरून ठेवणाऱ्या) असल्याने दांडी कितीही दाबा, तारा परत जागेवर येतात. बोटांनी छेडत, दांडीने मींड काढणाऱ्याने हीच घ्यावी.

मी क्लॅप्टनचीच ठेवली. दांडी मला कधी जमलीच नाही.