स्लो हॉररच बघायचाय, तर ड्रायर की बर्गमन?

मागच्या महिन्यात दोन मित्रांनी वेगवेगळ्या दिवशी एकच गोष्ट विचारली, की दचकवणारे भुताचे पिक्चर बघून बघून कंटाळा आलाय, तो जुना संथ, स्वप्नात चालल्यासारखा युरोपियन हॉरर म्हणतात तो एकदा बघायचाय, पण रात्र एकच मोकळी आहे, तर डॅनिश दिग्दर्शक कार्ल ड्रायरचा 'व्हॅम्पिर' लावू का स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमनचा 'अवर ऑफ द वुल्फ'? मी दोन्ही दोन-दोनदा बघितलेत. दोन्ही ब्लॅक अँड व्हाइट आणि सव्वा-दीड तासाचे, त्यामुळे वेळेवरून काही ठरत नाही.

आधीच सांगतो, यांच्यावरून भांडणं होतात. 'व्हॅम्पिर' 6 मे 1932 ला बर्लिनमध्ये लागला तेव्हा लोकांनी हुर्यो उडवली, ड्रायरला नंतर काटछाट करावी लागली, आणि व्हिएन्नात तर पैसे परत मागण्यावरून असा राडा झाला म्हणतात की पोलिसांना दंडुके काढावे लागले. मला त्या लोकांचा राग येत नाही. हॉलिवूडचे 'ड्रॅक्युला' आणि 'फ्रँकेन्स्टाइन' वर्षभरापूर्वीच आले होते, आणि इथे ना काळा झगा ना सुळे, एक जाडजूड म्हातारी आणि भिंतीवरून फिरणाऱ्या सावल्या.

आमच्या घरीही तेच. मेहुणा विसाव्या मिनिटाला सोफ्यावर आडवा, आणि घोरायला लागला तेव्हा पडद्यावर एका लाकडी पायाच्या सैनिकाची सावली स्वतःची स्वतः फिरून येऊन मालकाच्या शेजारी बसत होती. बायको मात्र शेवटपर्यंत बघत बसली, एक शब्द बोलली नाही, आणि रात्री पॅसेजचा दिवा मला बंद करू दिला नाही. एकच पिक्चर, एकच सोफा.

आता बर्गमन. 1968 चा पिक्चर, बेटावर राहणारा चित्रकार आणि त्याची गरोदर बायको, मॅक्स फॉन सिडो आणि लिव उलमन, कॅमेरा स्वेन न्यूक्विस्टचा, म्हणजे तक्रारीला जागा कमीच. त्यातला एक सीन मी कुणालाही दाखवेन. चित्रकार रात्री घड्याळ हातात धरून बायकोला म्हणतो की एक मिनिट किती मोठं असतं बघ, आणि दोघं ते मिनिट नुसतं बसून काढतात. बस. मी श्वास धरून बसलो होतो. पुढे एक म्हातारी स्वतःचा चेहरा सोलून काढते, डोळा काढून ग्लासात टाकते, एक माणूस सरळ भिंतीवरून छतावर चालत जातो. नावातली 'लांडग्याची वेळ' म्हणजे रात्र सरून उजाडायच्या आधीची, बर्गमनच्या मते जेव्हा सगळ्यात जास्त माणसं मरतात आणि सगळ्यात जास्त जन्मतात. आपल्याकडे त्याच वेळेला ब्राह्ममुहूर्त म्हणून अभ्यासाला उठवतात, हा भाग वेगळा.

मग अडलं कुठे? सबटायटलमध्ये. हसू नका. या पिक्चरमध्ये लोक फार बोलतात. वाड्यावरच्या जेवणाच्या सीनमध्ये कॅमेरा टेबलाभोवती गरागरा फिरतो, सगळे एकमेकांच्या बोलण्यात बोलतात, आणि खाली पांढरी अक्षरं धडाधड बदलत राहतात. मला स्वीडिश येत नाही, त्यामुळे मी जेवणभर खालची ओळ वाचत होतो आणि वरचे चेहरे, म्हणजे ज्यांच्यासाठी सीन आहे तेच, अर्धे निसटले. दुसऱ्यांदा बघताना सबटायटल बंद करून तेवढा सीन परत लावला, तेव्हा कुठे लक्षात आलं की चित्रकार त्या गर्दीत किती गुदमरलाय. एकच रात्र मोकळी असलेल्या माणसाने हा खटाटोप करावा असं मला वाटत नाही, अर्थात तुमचं वाचन माझ्यापेक्षा फास्ट असेल.

'व्हॅम्पिर'मध्येही वाचायला लागतं, उलट पानंच्या पानं, कारण हिरोला मिळालेलं पिशाच्चांवरचं पुस्तक सारखं पडद्यावर येतं. पण पान येतं तेव्हा नुसतं पान असतं, वाचा आणि पुढे चला. संवाद अगदी मोजके, कारण शूटिंग बहुतेक मूक झालं, आवाज नंतर चढवला, आणि जर्मन, फ्रेंच, इंग्लिश अशा तिन्ही भाषांसाठी नटांना तोंडं हलवायची होती, मग लांब वाक्यं कोण देणार. त्यामुळे डोळे मोकळे राहतात. माती खड्ड्यातून उलटी उडून फावड्यावर येणारी ती सावली मला दिसली ती त्यामुळेच. आणि तो शवपेटीचा सीन. हिरो आत, झाकणाला चेहऱ्यावर छोटी काच, त्या काचेवर कुणीतरी मेणबत्ती ठेवतं, म्हातारी वाकून आत बघते, मग पेटी उचलतात आणि आपण उताणे पडून छत, झाडं, चर्चचं टोक, आकाश बघत जातो. स्मशानात खांद्यावरून जाणाऱ्याला काय दिसत असेल असा विचार मी कधी केला नव्हता, त्या रात्री केला.

दोष आहेत. हिरो नट नव्हताच, पैसे लावणारा बॅरन होता, खोट्या नावाने काम केलंय, आणि चेहरा अख्खा पिक्चर तसाच कोरा. (निर्माता स्वतःच हिरो हे आपल्याला नवीन नाही.) पण तो झोपेत चालल्यासारखाच वाटायला हवा होता, म्हणून चालून जातं. दुसरं, चित्र धूसर दिसतं ते कॅमेऱ्यापुढे पातळ जाळीचं कापड धरल्यामुळे, प्रिंट खराब आहे समजून बंद करू नका. कॉपी मात्र नीट बघून घ्या, मला पहिल्यांदा एका मित्राच्या हार्ड डिस्कवरून मिळालेल्या जुन्या कॉपीत जुनी सबटायटल झाकायला एवढी जाड काळी पट्टी मारली होती की खालचा बराच भाग गेला होता. रिस्टोअर केलेली शोधा.

नवरा-बायकोच्या नात्यातली भीती तुम्हाला जास्त जवळची असेल, किंवा बर्गमनचे दोन-चार पिक्चर आधी झाले असतील, तर 'अवर ऑफ द वुल्फ' लावा, मी अडवणार नाही. कोरी पाटी असेल तर मी हळूच ड्रायरकडे ढकलीन. जेवणानंतर लगेच नको, अकरानंतर, पंखा हळू ठेवून. डुलकी लागली तरी बिघडत नाही, जाग येईल तिथून पिक्चर तसाच चालू राहतो.

मेहुण्याला मी शेवट सांगितलेला नाही. शेवटी पिठाची गिरणी येते आणि तिथे एकाचा निकाल लागतो, एवढंच बोललोय, तेव्हापासून फोन केला की तो आधी गिरणीचंच विचारतो.