टॅक्टाइल टाइल: घ्यायची तर काँक्रीटची, आणि बसवताना कोणीतरी समोर उभं हवं

पांढरी काठी घेऊन चालणाऱ्यांसाठीची ही उठावाची फरशी सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये जपानमध्ये तयार केली. १९६७ मध्ये ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर ती पहिल्यांदा बसली. तिची भाषा दोनच खुणांची. लांब पट्ट्या म्हणजे सरळ चला. गोल ठिपके म्हणजे थांबा, पुढे जिना, रस्ता, फलाटाची कड किंवा वळण आहे.

फुटपाथसाठी काँक्रीटची फरशी सगळ्यात भरवशाची. माप ३०० बाय ३०० मिमी, उठाव सुमारे ५ मिमी. रंग मात्र वरच्या थरात मिसळलेला हवा. नमुन्याची एक फरशी फोडून बघा. पिवळा रंग नुसता वरून फासलेला असेल तर माल परत पाठवा. असा रंग आधी ठिपक्यांच्या माथ्यावरून उडतो, आणि अंधुक दिसणारी पुष्कळ माणसं तर रंगाच्याच आधाराने चालतात. म्हणून शेजारचा रंगही बघा: गडद राखाडी फुटपाथवर पिवळी फरशी उठून दिसते, फिक्या दगडावर हरवते.

चकचकीत सिरॅमिक बाहेर नकोच, पावसात पाय सरकतो. चिकटवायची रबर किंवा पीव्हीसीची फरशी घरात, छपराखाली ठीक. धूळ किंवा ओल राहिलेल्या पृष्ठभागावर लावली की कोपरे उचलतात आणि तिथेच माणसं अडखळतात. स्टीलचे सुटे ठिपके टिकाऊ असतात, पण रंगात फारसे उठून दिसत नाहीत आणि माथा गुळगुळीत असेल तर ओल्यात घसरडे होतात.

खरा घोळ बसवताना होतो. फरशीचा सपाट भाग शेजारच्या फुटपाथच्या पातळीत हवा, ठिपके त्याच्या वर यायला हवेत. गवंडी सवयीने ठिपक्यांचे माथेच पातळीत घेतो. दिसायला काम सुबक, पण पायाला आणि काठीला काही कळतच नाही. सांधे भरताना सिमेंट पट्ट्यांच्या मधे साचलं तरी उठाव तेवढा कमी होतो. ते ओलं असतानाच पुसून घ्यायला हवं. शेजारी खडबडीत पेव्हर ब्लॉक असतील तर फरशी चांगली असूनही ओळखू येत नाही, दोन्ही बाजूंना गुळगुळीत पट्टा सोडावा.

जिन्याआधी ठिपक्यांची एकच रांग पुरत नाही. माणसाचं पाऊल सहज ३०० मिमी ओलांडून जातं. किमान दोन रांगा, म्हणजे ६०० मिमी, घालाच. वळणावर पट्ट्या तिरक्या कापून जोडू नका, तिथे ठिपक्यांचा चौकोन हवा. या फरशांच्या वाटेच्या दोन्ही अंगांना ६०० मिमी मोकळी जागा ठेवा. खांबाला जाऊन भिडणारी वाट ही नसलेल्या वाटेपेक्षा वाईट, कारण माणूस तिच्यावर विश्वास टाकून चालत असतो. वाटेत चेंबरचं झाकण आलं तर त्याला वळसा घालू नका, झाकणावरच फरशी बसवता येईल असं खोलगट झाकण घ्या. दुरुस्तीनंतर ते फिरवून बसवलं की पट्ट्या आडव्या होतात, म्हणून झाकणावर आणि चौकटीवर खूण करून ठेवा.

ठेकेदाराचं शेवटचं बिल देण्याआधी रोज पांढरी काठी वापरणाऱ्या व्यक्तीला मानधन देऊन पूर्ण वाट चालायला सांगा, आणि ती जिथे थबकेल तिथल्या फरशा त्याच आठवड्यात उखडून नीट बसवून घ्या.