द्वारकेची बस, मिरचीची पोती आणि आमचे २१,६०० रुपये

आधी आकडा सांगतो. द्वारकेच्या यात्रेला घेतलेल्या बसचं भाडं ठरलं होतं ९६,००० रुपये, सगळं धरून. सगळं धरून म्हणजे डिझेल, टोल, परमिट, पार्किंग, ड्रायव्हर-क्लीनरचा भत्ता. त्यावर वाटेत आमच्याकडून उकळले १०,४००. टपावरून गेलेल्या दोन बॅगांतलं सामान ११,२०० चं. झाले २१,६००. आणि ज्या डिकीसाठी हीच गाडी घेतली, ती आम्हाला निम्म्या वाटेवर, तीही पैसे मोजून मिळाली. बाकी वेळ आमच्या भाड्यावर त्या बसवाल्याने जाताना मिरची सुरतेला पोचवली आणि येताना साड्यांच्या गाठी आणल्या.

ट्रॅव्हल्सचं नाव लिहीत नाही. वकील म्हणाले, नाव टाकलं तर नोटीस तुम्हालाच येईल. म्हणजे फसवायचं त्याने आणि जपून बोलायचं आम्ही. असो.

आम्ही तापीकाठच्या एका गावातले, भजनी मंडळ आणि भाऊबंद मिळून पंचेचाळीस जण. जायचं सुरत, सोमनाथ, द्वारका. आचारी सोबत, कारण आमच्यातल्या निम्म्या लोकांना गुजरातची गोड डाळ घशाखाली उतरत नाही. आता आचारी म्हटलं की पातेली आली, शेगडी आली, तेलाचा डबा, पीठ, डाळी आल्या. त्यात वाटेत सुरत. उधना-लिंबायतकडे आमच्या भागातल्या प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी आहे, आणि खान्देशातून तिकडे रिकाम्या हाताने कोणी जात नाही. बिबडे, कुरडया, दादरचं पीठ, घरचं तिखट, लेकीसाठी डबे. सामान भरपूर होणार हे मला माहीत होतं, म्हणून मी बसवाल्याशी पहिली गोष्ट बोललो ती डिकीची. दुसरा एक जण ८८,००० मध्ये येत होता. त्याची डिकी लहान, म्हणून त्याला सोडलं. या माणसाने मला ऑफिसबाहेर उभी गाडी दाखवली, दोन्ही बाजूंच्या फळ्या उघडून दाखवल्या, वर म्हणाला, “डिकी पूर्ण तुमची, आप्पा. घरच हलवा.” तिथे मी २५,००० बयाणा दिला.

पावतीवर मात्र त्याने लिहिलं, “४५ सीटर, नॉन एसी पुशबॅक. सामान नियमाप्रमाणे.” मी विचारलं, नियमाप्रमाणे म्हणजे काय? म्हणाला, ते छापील असतं, सगळ्यांना तेच. छापील नव्हतं, त्याच्याच पेनाने लिहिलेलं होतं. पावती घेताना “संपूर्ण डिकी व टप ग्रुपसाठी, बाहेरचा माल भरणार नाही” असं लिहून घ्या आणि गाडीचा नंबर टाकायला लावा. नंबर नसेल तर तुम्ही गाडी ठरवलेलीच नाही, फक्त पैसे दिलेत.

कारण पहाटे मारुतीच्या पारावर आली ती गाडी वेगळीच होती. दाखवलेली पांढरी, आली ती निळी. “ती गॅरेजला आहे, ही तिच्याहून भारी.” गाडी आली तासभर उशिरा, थंडी मरणाची, म्हाताऱ्या माणसांना कधी एकदा शीट धरतो असं झालेलं. त्यात कोण गाडी परत पाठवणार? जे म्हणतात ना, ‘आम्ही असतो तर तिथेच धरला असता’, त्यांनी पहाटे पाच वाजता पंचेचाळीस माणसं आणि निघताना द्यायचे ४०,००० खिशात घेऊन एकदा उभं राहून बघावं.

क्लीनरने उजव्या बाजूची पुढची एकच फळी उघडली. आत आठ-दहा बॅगांची जागा. मागची आणि डावीकडच्या फळ्यांना कुलूप. का, तर म्हणे त्यात स्टेपनी आणि टूल. मी वाकून बॅग आत सरकवली आणि मला जोराची शिंक आली. मागोमाग बायकोला. मग आचाऱ्याला. सुक्या मिरचीचा खकाणा होता तो, नाकातून सरळ घशात उतरणारा. मी किराणा दुकानदार आहे हो! दरवर्षी नंदुरबार-दोंडाईच्याची मिरची पोत्याने भरतो, हात न लावता सांगतो पोतं नवीन की मागच्या सालाचं. आणि मी काय केलं, तर आचाऱ्यावर ओरडलो, “तिखटाचा डबा नीट बंद करता येत नाही का?” तो बिचारा डबा उघडून दाखवत होता, झाकण घट्ट होतं. तेव्हा कुलूप काढायला लावलं असतं, तर हे लिहायची वेळ आली नसती. रात्री झोपताना अजून ती शिंक आठवते आणि जीव जळतो. पण मी म्हणतो, प्रवासी बसच्या पोटात मिरची असेल असं कोणाच्या मनात तरी येईल का? माल जड असता तर मागचं चाक दबलेलं दिसलं असतं. मिरची हलकी, नुसती जागा खाते. ते त्याला बरोबर ठाऊक होतं.

बाकी सगळं टपावर. त्याला ताडपत्री आणि दोराचे १,८०० रुपये. “तुमच्याच बॅगांसाठी आहे, आप्पा.” गाडीची ताडपत्री गाडीवाल्याची असते, हे मला कळतं. पण वर चढून बॅगा बांधणाऱ्या पोराशी कोण भांडणार? त्याने दोर सैल बांधला तर?

सैलच बांधला. निघाल्यावर ड्रायव्हरला विचारलं, मागच्या फळ्यांत काय आहे, तेव्हा कबूल झाला: “मालकना थोडा माल शे, धुयाले उतरी जाई.” धुळे गेलं, साक्री गेली. दहिवेलला चहाला थांबलो तेव्हा म्हणे सुरतेला उतरेल. पुढे कोंडाईबारीच्या घाटात वर एवढं ओझं घेतलेली गाडी वळणावर अशी कलायची की मागच्या बायका हनुमान चालिसा म्हणायला लागल्या. टपावरचं वजन गाडीला वळणावर ओढतं, ही शाळेतल्या पोराला कळणारी गोष्ट. जड सामान नेहमी खाली, डिकीत. वर टाकायचंच तर अंथरूण-पांघरूण टाकावं, पातेली नाहीत.

नवापूर ओलांडल्यावर गाडी बाजूला घेतली. ड्रायव्हर कागद घेऊन उतरला, दहा मिनिटांनी आला आणि म्हणाला, गुजरातच्या आरटीओ चेकपोस्टला टपाच्या सामानाचा दंड भरला, ३,५०० द्या. पावती? “ते पावती देत नाहीत.” दिले. परत आल्यावर भाच्याने सांगितलं की गुजरात सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्येच आरटीओचे चेकपोस्ट बंद केलेत. म्हणजे तो झाडामागे जाऊन आला आणि ३,५०० घेऊन बसला. दंड झाला म्हणाला तर ई-चलन मागा. ते मोबाईलवर दिसतं. दिसलं नाही तर एक रुपया देऊ नका.

सुरतेत आधी नातेवाइकांकडे न नेता गाडी गेली एका गोदामाच्या बोळात. तिथे कुलपं उघडली. पोती बघून मी खाली उतरलो तर हमाल माझ्याकडे असे बघत होते जणू मीच चोर. पोत्यांवर व्यापाऱ्याचा मार्का, सुतळीला बिल्टीची, म्हणजे माल पाठवल्याच्या पावतीची, चिठ्ठी. सगळं रीतसर, फक्त गाडी आमची. टुरिस्ट परमिटच्या गाडीत प्रवासी आणि त्यांचं स्वतःचं सामान एवढंच न्यायचं असतं, धंद्याचा माल भरायची परवानगीच नसते. हे मला तेव्हा पक्कं माहीत नव्हतं. माहीत असतं तर काय मोठं झालं असतं, ते पुढे सांगतोच.

तिथेच टपावरून सामान उतरवलं आणि दोन बॅगा नाहीत. एका बाजूचा दोर नुसता लोंबत होता. एक बॅग माझ्या मावशीची: साड्या, शाल, स्वेटर, नवी चप्पल, ६,७०० चा माल. दुसरी शेजारच्या वहिनींची, लेकीच्या घरी द्यायचे कपडे आणि डबे, ४,५००. मावशी रस्त्यावर बसली. “मन्ह्या गोया त्याच थैलीमा शेतस ना भाऊ!” बीपी आणि शुगर, दोन्हीच्या गोळ्या. साड्या गेल्या तर गेल्या, गोळ्यांसाठी रात्री सुरतभर मेडिकल धुंडाळलं, चिठ्ठी नाही म्हणून दोघांनी परत पाठवलं. औषधं, चष्मा, आधार कार्ड, चिठ्ठीचा फोटो, हे अंगावरच्या पिशवीत. कोणी कितीही म्हणो, ‘वर ठेवा, काही होत नाही’.

आता खरी गंमत ऐका. मिरची उतरली, डिकी रिकामी झाली. आम्ही बॅगा आत ठेवायला गेलो तर क्लीनर आडवा. “मालक सांगतात, डिकीचा लगेज चार्ज लागेल. माणशी शंभर.” ४,५०० रुपये! मी फोन लावला. मालक म्हणाला, पावती वाचा, सामान नियमाप्रमाणे. मी आवाज चढवला तर त्याने हळूच सांगितलं, “आप्पा, तुमच्या सामानात गॅस सिलिंडर आहे ना? पोलीस बोलवा की.” मी गार. प्रवासी गाडीत भरलेला सिलिंडर न्यायचा नसतो हे खरं आहे. पण आचाऱ्यासोबत यात्रेला जाणाऱ्या दहा गाड्या थांबवा, नऊमध्ये सिलिंडर निघेल. यानेच बयाणा घेताना विचारलं होतं, शेगडी आहे ना, मग जेवणाचा खर्च वाचेल. त्याने आधीच हेरून ठेवलेलं. तुम्ही नेऊ नका. मुक्कामाच्या ठिकाणी धर्मशाळेतून शेगडी मिळते का, ते आधी फोनवर विचारा. धोका तर आहेच, वर असल्या माणसाच्या हातात आयतं कोलीत जातं.

सोमनाथ, द्वारका छान झालं. त्याबद्दल तक्रार नाही. फक्त द्वारकेला उरलेले ३१,००० घेतल्याशिवाय ड्रायव्हर परतीला किल्ली लावेना. शेवटचा हप्ता घरी उतरून, सामान मोजूनच द्यायचा, हेसुद्धा पावतीवर आधी लिहून घ्या.

परतताना सुरतेत रात्री पुन्हा तोच बोळ. आमच्या बॅगा डिकीतून बाहेर, साड्यांच्या गाठी आत. बॅगा हलवायची हमाली ६०० रुपये, तीही आमच्याकडून. सगळे झोपेत, अंगात भांडायची ताकद नाही. टपावर काही ठेवायला कोणी तयार नव्हतं, तर त्याने बॅगा मधल्या रस्त्यात रचल्या, पार मागच्या इमर्जन्सी दरवाज्यापर्यंत. रात्री काही पेटलं असतं तर आम्ही कुठून निघालो असतो? मी ड्रायव्हरला म्हणालो तर म्हणे, “शुभ शुभ बोला.”

गावी आल्यावर पोलीस ठाण्यात गेलो. हवालदाराने पहिला प्रश्न केला, बॅग नेमकी कुठे पडली? मला माहीत असतं तर मी उचलली नसती का! मग म्हणे, महाराष्ट्रात पडली की गुजरातमध्ये, ते ठरल्याशिवाय हद्द ठरत नाही. पैशांचं म्हणाल तर सिव्हिल मॅटर. दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न बघता नोंदवून घ्यायची, असं १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३. भाच्याने मोबाईलवर काढून दिलं. मी ते दाखवलं तर साहेब म्हणाले, “कायदा आम्हाला शिकवता का काका?” शेवटी साध्या कागदावर अर्ज घेतला. पोच मागितली तर शिक्का मारणारा माणूस जेवायला गेलेला. तो अजून जेवतोय.

परिवहन कार्यालयात त्याहून वरचढ. बाई म्हणाल्या, गाडी आणलीय का? गाडी मी काय पिशवीत घालून आणणार? फोटो दाखवले, त्यात पोती दिसतात, पण नंबर प्लेट नाही. नंबर प्लेट दिसते त्यात पोती नाहीत. “यावरून काही सिद्ध होत नाही.” पासिंग दुसऱ्या जिल्ह्याचं, म्हणून तिकडे जा. तिकडे गेलो तर म्हणाले, परराज्यात घडलं ना, ऑनलाइन टाका. ऑनलाइन टाकलं तर उत्तर आलं, संबंधित कार्यालयाशी संपर्क साधा. तेवढ्यात एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून बघितला, तर मालक भलताच निघाला. माझ्याकडून पैसे घेणारा नुसता कमिशनवाला, आणि गाडीवरचा त्याचा बोर्ड स्टिकरचा. हे बुकिंगच्या वेळी पाच मिनिटांत दिसतं: नोंदणीतल्या नावाची अक्षरं जुळतात का, फिटनेस कधीपर्यंत, विमा आहे का. पैसेही पावतीवर ज्याचं नाव त्याच्याच खात्यात टाका. मी ड्रायव्हरला रोख दिलेले सगळे १०,४०० आता हवेत आहेत.

आता जिल्हा ग्राहक आयोगात चाललोय. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी नाही आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. वकिलांनी सांगितलंय, पोती आणि नंबर प्लेट एकाच फोटोत हवी. सुरतेच्या बोळात आमच्या मंडळातल्या तिघा-चौघांनी मोबाईल काढलेले मी बघितलेत. ज्यांच्याकडे व्हिडिओ असेल त्यांनी शनिवारपर्यंत पाठवा. द्वारकेचे सेल्फी नकोत, ते सगळ्यांनी पाठवलेत.