गोठ्यावरचं पॉट आईस्क्रीम: आठ महिने, अकरा फेऱ्या, आमचा अनुभव

दिवाळीच्या सुट्टीत पहिल्यांदा गेलो आणि आता जून लागला, मधे अकरा फेऱ्या झाल्या म्हणून म्हटलं आता लिहावं, एकदाच जाऊन चार फोटो काढून लिहिण्यात तसा काही अर्थ नसतो. कोल्हापुरातून राधानगरी रोडने पाऊण तास, भोगावती नदीच्या बाजूचं एक गाव, चौदा म्हशी, गोठ्याला लागून पत्र्याची शेड आणि तिच्यात लाकडी बादल्यांचे तीन पॉट. मालकांना सगळे मामाच म्हणतात. गावाचं नाव लिहीत नाही कारण मामांना आहे तेवढीच गर्दी पुरे आहे, तसं त्यांनीच सांगितलंय. पण आपल्या भागात असे गोठे बरेच आहेत, त्यामुळे काय बघायचं काय विचारायचं एवढं कळलं तरी कुणाला उपयोग होईल.

पद्धत अशी की आदल्या दिवशी फोन करायचा, कमीत कमी दोन किलोचा पॉट, किलोला ४०० रुपये, फळ असेल तर त्याचे वेगळे. आम्ही सहा जण, मी, नवरा, मुलगी नऊ वर्षांची, मुलगा साडेचार, आणि आई-आबा म्हणजे माझे सासू-सासरे. ४०० ऐकून आधी मला जास्त वाटले होते हे खरं. मग एकदा घरी दुकानातला एक लिटरचा डबा वजनकाट्यावर ठेवला तर आईस्क्रीम साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास भरलं, त्यात काही फसवणूक नाही, नियमच आहे की एक लिटर आईस्क्रीम किमान ५२५ ग्रॅम भरलं पाहिजे, बाकी फेटताना मिसळलेली हवा. हाताने फिरवलेल्या पॉटमधे हवा फार कमी जाते म्हणून वाटी हातात घेतली की जड लागते, एका वाटीत पोट भरतं. अजून एक, डब्यावर फ्रोझन डेझर्ट लिहिलेलं असेल तर त्यात वनस्पती तेल असतं, आईस्क्रीम लिहायचं तर दुधाचंच फॅट लागतं, साध्या आईस्क्रीमला कमीत कमी १० टक्के. हे मला चाळिशी आली तरी माहीत नव्हतं. मामांच्या म्हशींच्या दुधाला डेअरीत फॅट सात टक्के लागते, ते आटवलं की वेगळी क्रीम घालायची गरजच राहत नाही.

आम्ही साडेतीनला पोचतो. तोवर सकाळचं दूध मामींनी कढईत आटवून गार करून ठेवलेलं असतं, सहा लिटरचं चार लिटर. ते स्टीलच्या डब्यात ओततात, डबा बादलीत, भोवती बर्फ आणि खडेमीठ, एक थर बर्फ एक थर मीठ. मी पहिल्यांदा विचारलं होतं साधं मीठ चालत नाही का तर मामा म्हणाले, "वहिनी, बारीक मीठ लगीच इरघळतंय, खडंच पायजे, हळूहळू काम करतंय." मुलीने घरी येऊन विज्ञानाच्या सरांना विचारायचं म्हणून वहीत लिहून घेतलं, सरांनी छान समजावलं तिला, मिठामुळे बर्फ शून्याच्या खालीही वितळत राहतो आणि वितळायला लागणारी उष्णता आतल्या दुधातून ओढून घेतो, पाण्यात मीठ २३ टक्क्यांपर्यंत गेलं तर ते उणे २१ अंशापर्यंत गोठत नाही. आता ती बादलीत हात घालणाऱ्या प्रत्येक पोराला ओरडते.

मग हँडल. पहिली दहा मिनिटं पोरं भांडून भांडून फिरवतात, बर्फ नुसता खळखळतो, मग त्यांचा उत्साह जातो आणि नवरा बसतो. पंचवीस मिनिटांनी आवाज बदलतो. खळखळ थांबून घरघर सुरू होते आणि हँडल जड व्हायला लागतं, डिसेंबरच्या फेरीत त्या वेळी नेमकी मुलगी फिरवत होती, तिचा चेहरा लाल, दोन्ही हात हँडलवर, पाय बादलीला टेकवलेले, आणि सोडणार तेवढ्यात आबा खुर्चीतून म्हणाले, "आता सोडू नको, आता धरतंय बघ." तिने सोडलं नाही. शेवटचे वीस-पंचवीस फेरे तिने आणि आबांनी मिळून मारले, आबांचे गुडघे दुखतात म्हणून ते कुठेच यायला तयार नसतात, त्या दिवशी ते खुर्ची ओढून बादलीजवळ आले. मला तेवढ्यासाठी पुढचे सगळे पेट्रोलचे पैसे मान्य आहेत.

आबांचं म्हशीच्या दुधावर जुनं प्रेम. तरुणपणी तालमीतून सुटले की गंगावेशीत दूध कट्ट्यावर, म्हैस समोर उभी, धार थेट ग्लासात, फेसासकट. इथे पण धारेच्या वेळी त्यांना ग्लास हवा असतो आणि इथेच आमचं घरात थोडं वाजलं. मी मुलांना कच्चं दूध देत नाही, ब्रुसेलोसिससारखे आजार कच्च्या दुधातून येतात हे आमच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, गोठा कितीही स्वच्छ असला तरी. आबा म्हणाले आम्हाला कुठे काय झालं. शेवटी मामींनीच मिटवलं, धार काढली की लगेच चुलीवर उकळून मुलांना कोमट दूध देतात, आबांनी स्वतःचं काय करायचं ते त्यांचं त्यांनी. आईस्क्रीमचं दूध तासभर आटवलेलं असतं त्यामुळे त्याची मला काळजी नाही, पण तुम्ही कुठे जाल तिथे हे नक्की विचारा, कच्च्या दुधात साखर घालून पॉट लावणारे पण असतात.

चवींचं सांगते. दिवाळीत सीताफळ, गर वेगळा काढून शेवटी घालतात, अप्रतिम. मे मधे हापूस, चांगलं पण आंबा आंब्यासारखाच छान असतो त्यात नवल नाही. सगळ्यात वर माझ्या मते जानेवारीतलं गुळाचं. गुऱ्हाळं चालू असतात, ताजा गूळ मिळतो, पण गूळ गरम दुधात पडला की दूध फाटतं, म्हणून दूध पूर्ण गार करून मगच पातळ केलेला गूळ घालतात. रंग फिकट बदामी, वास गुऱ्हाळाचा. आईंनी दुसऱ्यांदा वाटी मागितली, त्या गोड खात नाहीत.

आणि साध्या दुधाच्या आईस्क्रीमची चव दर महिन्याला थोडी बदलते हे आमच्या लक्षात आलं, आधी मला भास वाटला. हिवाळ्यात ऊसतोड चालू, म्हशींना उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, भरपूर, एप्रिलनंतर कडबा आणि सरकी पेंड जास्त. शिवाय व्यायला बरेच महिने झालेली म्हैस दूध कमी देते पण घट्ट देते, त्यामुळे मे मधलं आईस्क्रीम जास्त दाट होतं आणि मिळायला अवघड, दोनदा फोनवर नाही म्हणाले, डेअरीला घालायलाच दूध पुरेना. मला त्याचं वाईट वाटलं नाही. उन्हाने म्हशींचे हाल होतात, काळं कातडं आणि घाम फारसा येत नाही, दुपारी सगळ्या डबक्यात डुंबत असतात आणि आमचा मुलगा काठावर बसून एक एक नाव घेऊन हाक मारतो.

आता त्रासाचं. रविवारी जाऊ नका, तीन पॉट आणि आठ गाड्या असं असतं, आम्ही शनिवार धरतो. बाथरूम एकच आहे, आईंना पायऱ्या चढून जावं लागतं, हे मी मामींना दोनदा सांगितलंय, अजून काही झालेलं नाही. ऑक्टोबरात माश्या फार होत्या, तेव्हा पाऊस नुकताच संपला होता. फेब्रुवारीत आमचा एक पॉट पूर्ण खारट झाला. बादलीला बाजूला एक भोक असतं, जास्तीचं मिठाचं पाणी बाहेर पडायला, त्यात बर्फाचा तुकडा अडकला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, पाणी झाकणाच्या वर चढलं आणि आत गेलं. पोरं रडायची बाकी राहिली. मामांनी पैसे घेतले नाहीत, दुसरा पॉट लावायला दूध शिल्लक नव्हतं म्हणून घरी न्यायला तूप दिलं. तेव्हापासून नवऱ्याचं एक काम ठरलंय, दर पाच मिनिटांनी त्या भोकात काडी घालून बघायचं.

घरी नेत असाल तर कमी न्या. आत पावडरी गोंद काही नसतं म्हणून फ्रीजरमधे दुसऱ्या दिवशी दगड होतं आणि बर्फाची कणी धरते, खायच्या आधी पंधरा मिनिटं बाहेर काढून ठेवावं लागतं. चव तशीच राहते पण तो मऊपणा जातो. तिथेच गोणपाटावर बसून खाण्यात जे आहे ते घरच्या डायनिंग टेबलवर येत नाही.

मुलीने एकदा मामांना सरळ विचारलं की रेडकाला दूध उरतं का. मामांनी तिला गोठ्यात नेऊन दाखवलं, आधी रेडकू लावतात, म्हैस पान्हा सोडते, मग धार काढतात आणि चार सडांपैकी एक रेडकासाठी सोडतात. तिने उभं राहून पूर्ण बघितलं आणि मगच आईस्क्रीम खाल्लं.

आता पावसात रस्त्यावर पाणी येतं म्हणून गणपतीपर्यंत आमच्या फेऱ्या बंद. तारा नावाची म्हैस आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा नुकतीच गाभण होती, म्हशीला दहा महिने दहा दिवस लागतात हे आबांनी सांगितल्यावर मुलीने कॅलेंडरवर ऑगस्टच्या शेवटाला गोल करून ठेवलाय. मामा म्हणालेत, व्याली की फोन करतो, रेडकाचं पोट भरून उरला तर चीक ठेवतो, खरवस घरी करा.