शेततळ्यातल्या माशांना लसूण की हळद?

निफाड-सिन्नरकडे द्राक्षांसाठी खोदलेल्या शेततळ्यांत आता रोहू-कटलाही पोसतात. अंगावर लाल चट्टे, फुगलेलं पोट दिसलं की एरोमोनास जिवाणूचा संशय घ्यावा.

त्यावर खाद्यातून द्यायचा घरगुती उपाय म्हणून लसूण की हळद, यात माझा कौल लसणाला. पण तो ठेचूनच घालायचा, कारण ठेचल्यावरच त्यात ॲलिसिन तयार होतं आणि तेच जिवाणूंना मारतं. शिजवलात तर वाया! उष्णतेने ते घडवणारं विकर (एन्झाइम) मरतं. म्हणून ताजा ठेचून दहा मिनिटं ठेवा, थोड्या तेलात कालवून तयार खाद्यावर चोळा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी टाका. रोहूवरच्या प्रयोगांत किलोभर खाद्याला 1 ते 10 ग्रॅम लसूण वापरला गेला.

हळद स्वस्त, टिकाऊ, वासाचा त्रास नाही. मात्र तिच्यातलं गुणकारी द्रव्य, कर्क्युमिन, पाण्यात विरघळत नाही, आतड्यातून शोषलंही कमीच जातं. तेल इथेही हवंच. प्रतिकारशक्ती वाढवायला आधीपासून, थोड्या प्रमाणात द्यायला ती बरी. बाजारातली भेसळीची पूड मात्र नको, घरची दळलेली घ्या.

निफाडच्या कडाक्याच्या थंडीत मासे फारच कमी खातात, मग लसूण-हळद लावलेलं खाद्य तळाशी कुजतं. मरतूक सुरू झाल्यावरही तेच: आजारी मासा खाद्याकडे फिरकत नाही. तेव्हा आधी पाणी बदला आणि मत्स्यतज्ज्ञाला मासा दाखवा.