गोल्डफिश कशात ठेवायचा: बाऊल, काचेची टाकी की पडवीतला टब?

गणपतीत भाची आली ती पिशवीतून दोन गोल्डफिश घेऊन, आणि सोबत छोटासा काचेचा बाऊल. तेव्हापासून आमच्याकडे बाऊल, टाकी, टब सगळं वापरून झालंय, त्यामुळे कुणी विचारलं की मी सुरूच होतो.

बाऊल आधीच बाद करा. चौथ्या दिवशी दोघं वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले, भाची म्हणते मामा बघ, बोलतायत! बोलतायत कसले, हवा मिळत नव्हती त्यांना. बाऊल गळ्यापर्यंत भरला की वरचं तोंड बशीएवढं, हवा लागणार किती? त्यात हा मासा रोहू-कटल्याच्या भाऊबंदातला, खाणं जोरात आणि घाणही तेवढीच, कल्ल्यांतून अमोनिया सोडतो तो त्या पाच लिटरमधेच फिरतो. फुगीर पोटाचे फॅन्सी १५-२० सेंटीमीटर होतात, सडपातळ कॉमेट जागा मिळाली तर त्याहून मोठे, आणि नीट ठेवले तर दहा-पंधरा वर्षं सहज जगतात. आणि हो, आजीचं तांब्याचं घंगाळ फुलांसकट कितीही छान दिसलं तरी त्यात मासे नको, तांबं पाण्यात उतरतं आणि माशाला विष होतं.

मग काचेची टाकी. दुकानात दोन बाय एक बाय एक फुटाची पुढे करतात, त्यात काठोकाठ जेमतेम ५४ लिटर, दोघांना कमीच. मी अडीच फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच घेतली, म्हणजे साधारण १३० लिटर, आणि तेवढंच किलो वजन, त्यामुळे शोकेसवर ठेवायचा विचार सोडा, खाली लोखंडी स्टँड हवा. बाजूने मासा पूर्ण दिसतो हा टाकीचा खरा फायदा, पंख चिकटलेत, अंगावर पांढरे ठिपके आलेत ते लगेच कळतं. फिल्टर मात्र पाहिजेच. अमोनिया पचवणारे जिवाणू त्याच्या स्पंजात वाढायला महिनाभर लागतो, तोवर खाणं कमी, पाणी थोडं थोडं बदलायचं, आणि स्पंज टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळायचा, नळाखाली धरू नका.

पण फिल्टर विजेवर चालतो आणि आपण राहतो दापोलीकडे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, पोल आडवे, वीज गेली ती लवकर आलीच नाही, मी आणि बायको पाळीपाळीने पाण्यात हवा मिसळावी म्हणून मगाने टाकीतलं पाणी काढून वरून परत ओततोय, रात्री दोनलासुद्धा. तेव्हाच टब घ्यायचं ठरलं.

टब म्हणजे नर्सरीत कमळासाठी मिळतो तो काळा, पसरट, मोठ्यात मोठा मिळेल तो. पाण्याचा वरचा पसारा मोठा, त्यामुळे मासे कमी ठेवले तर फिल्टर बंद पडल्यावरही बराच वेळ निभतं. डासांच्या अळ्या झाल्या तर मासेच संपवतात. त्रास वेगळे: खंड्या टपलेला असतो, विरोळा रात्री येतो, म्हणून जाळी बांधायची. पागोळ्यांखाली ठेवला तर टब भरून वाहतो आणि मासा अंगणात, तेव्हा काठाखाली चार बोटं भोक पाडून त्यावर जाळीचा तुकडा लावा. एप्रिल-मेमधे उन्हात नकोच, पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो. आणि वरूनच दिसतो, पोटाखालचं दुखणं उशिरा कळतं.

चिऱ्याची सिमेंट लावलेली टाकी बांधणार असाल तर नवं सिमेंट पाणी चुन्याच्या निवळीसारखं करतं, म्हणजे पीएच चढतो, काही आठवडे भरा-ओता करूनच मासे सोडा.

माझं मत सांगतो. फॅन्सी असतील आणि घरात इन्व्हर्टर असेल तर काचेची टाकी, कॉमेट असतील किंवा वीज सारखी जात असेल तर पडवीत टब.

पाणी कशातही घाला, पावसाळ्याच्या तोंडावर विहिरीत टीसीएल (जंतू मारायची क्लोरीनची पावडर, माशांना घातक) पडलं की नाही हे आधी विचारा, पडलं असेल तर पाणी एक-दोन दिवस उघडं ठेवून मगच वापरा. आमच्या पडवीत त्यासाठी एक बादली कायम भरलेली असते आणि ती कोणी भांडी घासायला उचलली की घरात भांडण होतं.