फोंताइन्हासमधल्या जुन्या घरात नऊ महिने: शिंपल्यांच्या खिडक्या, ओल आणि काचेचं न्हाणीघर

आधी एक सांगून टाकते: जाहिरातीतले फोटो खरे आहेत. गेरूच्या रंगाची भिंत, खिडक्यांना पांढरी किनार, आत उंच छत, लाकडी जमीन, त्यावर एकच मोठा राखाडी सोफा. चार जूनला आत पाऊल टाकलं तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, "फोटोपेक्षा बरं आहे की रे!" एकोणीस जूनला माझ्या चामड्याच्या पर्सवर हिरवी लव आली.

फोंताइन्हास म्हणजे पणजीतली पोर्तुगीज काळातली जुनी वस्ती. नवऱ्याचं पणजीत काम निघालं होतं, माझं पुण्यातलं ऑफिस लॅपटॉपवर चालतं. दोन-चार दिवसांच्या सुट्टीसाठी देतात तसलंच हे अपार्टमेंट. पावसाळ्यात रिकामं राहतं म्हणून महिन्याच्या भाड्यानं मिळालं, आणि पुढे जमलं म्हणून आम्ही फेब्रुवारीपर्यंत राहिलो. चार दिवस राहून लोक पाच चांदण्या देऊन जातात. त्यांचं चूक नाही, चार दिवसांत ते घर पाच चांदण्यांचंच आहे. घराचं नाव लिहीत नाही. मालकीणबाईंशी संबंध चांगले आहेत, आणि ज्या चुका मी सांगणार आहे त्या याच गल्ल्यांतल्या आणखी दोन नव्यानं सजवलेल्या घरांत चहाला गेले तेव्हाही पाहिल्या.

घर दोन मजली, वरचा मजला आमचा. भिंती चिऱ्याच्या, दोन हात जाड, वर चुन्याचा गिलावा. छपराला मंगळुरी कौलं. बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या मिशनरी संस्थेनं मंगळुरात कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली, त्याआधी इथल्या घरांवर नळ्याची कौलं असायची. म्हणजे 'अस्सल जुनं' म्हणून आपण ज्याचे फोटो काढतो, तेही एकेकाळी कारखान्यातून आलेलं नवं सामानच होतं. त्यामुळे जुन्या घरात नवं काही घालू नये अशा मताची मी नाही. नवं कुठे आणि कसं घातलंय, एवढंच मी नऊ महिने पाहत होते.

दिवाणखान्याला आर्किटेक्टनं जवळजवळ हात लावलेला नाही, आणि तीच या घरातली सगळ्यात चांगली खोली. रस्त्याच्या बाजूला तीन उंच खिडक्या, शिंपल्यांच्या. ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी सांगते: काच महाग होती तेव्हा एका जातीच्या चपट्या शिंपल्याच्या चकत्या चौकोनी कापून लाकडाच्या पट्ट्यांमध्ये ओवायचे. आरपार काही दिसत नाही, पण उजेड येतो, साय धरलेल्या दुधासारखा. दुपारी एकच्या उन्हातही डोळ्यांवर येत नाही. लॅपटॉपच्या स्क्रीनवर चकाकी नाही, पडदा नको, दिवा नको. चकत्या एकमेकींना घट्ट चिकटलेल्या नसतात, मधल्या फटींतून वारा आत येत राहतो. वर लाकडी छताच्या कडेला नक्षीची जाळी आहे. गरम हवा तिथून वर जाते आणि कौलांच्या सांध्यांतून बाहेर पडते. पंखा दोनवर ठेवून मी मे महिन्यासारख्या ऑक्टोबरात इथे काम केलं आहे.

आता बेडरूम. तिथेही अशाच तीन खिडक्या आहेत, एक लहान आणि दोन मोठ्या. एसीची थंडी बाहेर जाऊ नये म्हणून आर्किटेक्टनं शिंपल्यांच्या दारांच्या आतून पूर्ण उंचीच्या काचा बसवल्या, सिलिकॉननं बंद केलेल्या, न उघडणाऱ्या. वरची जाळी जिप्समच्या पांढऱ्या छताआड गेली. फोटोत हे फार सुंदर दिसतं: मागून शिंपल्यांचा उजेड, पुढे स्वच्छ काच. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी सकाळी पाहिलं तर काचेच्या पलीकडच्या अंगानं पाणी ओघळत होतं. आतली खोली बावीस अंशांवर गार, काच गार, आणि बाहेरची दमट हवा शिंपल्यांच्या फटींतून येऊन त्या गार काचेला भिडत होती. बर्फाच्या पाण्याचा पेला बाहेर ठेवला की घामेजतो, तसं. फरक इतकाच की पेला पुसता येतो, इथे हातच पोचत नाही. पाणी खाली चौकटीत साचलं, लाकूड फुगलं, आणि पंधरा दिवसांत खालच्या दोन ओळींतल्या चकत्यांमागे काळे ठिपके दिसायला लागले.

मी चारशे रुपयांचं आर्द्रता मोजायचं यंत्र मागवलं आणि नवऱ्याच्या भाषेत 'प्रयोगशाळा उघडली'. दिवाणखान्यात आकडा ८५ ते ९०, तिथे बुरशीचा एक ठिपका नाही. बेडरूममध्ये एसी चालू असताना ६०, आणि तिथे कपाटाच्या मागे, गादीच्या खाली, बुटांच्या आत सगळीकडे कुबट वास. आकडा पाहून कोणी म्हणेल बेडरूम कोरडी आहे. पण एसी बंद करून दार उघडलं की गार भिंतींना घाम फुटायचा, आणि ती ओल जायला वाट नाही.

केअरटेकर काका पहिल्या दिवसापासून सांगत होते, "बाई, जनेलां उक्तीं दवरात." खिडक्या उघड्या ठेवा. मी मान डोलवायचे आणि मनात म्हणायचे, बेडरूमच्या उघडतच नाहीत तर ठेवू कुठून! शेवटी ऑगस्टमध्ये मालकीणबाईंना फोटो पाठवले, आणि त्यांच्या परवानगीनं काकांनी लहान खिडकीची एक काच सुरीनं सिलिकॉन कापून काढली. एसी सत्तावीसवर आणला, ओल शोषणारं यंत्र भाड्यानं आणलं, ते दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी काढायचं. उरलेल्या पावसात लहान खिडकीला नवा ठिपका पडला नाही. दोन मोठ्या खिडक्यांचे मात्र वाढतच गेले. त्याच काळात एक चकती तडकली. बदली चकती मिळायला महिना गेला. दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्यातल्या एका सुतारानं पाडलेल्या घरातल्या जुन्या खिडक्या जपून ठेवल्या होत्या, त्यातून काढून दिली. तोवर तिथे प्लास्टिकचा पांढरा तुकडा होता, आणि उजेडातला फरक पलंगावर पडल्या पडल्या कळायचा.

बाहेरच्या भिंतीचीही अशीच कथा. पाऊस सरला की या वस्तीत घरं रंगवायची जुनी रीत आहे, पूर्वी तसा नियमच होता असं सांगतात. ते रंग चुन्यात कालवलेले असायचे, भिंतीतली ओल त्यातून निघून जायची. आमच्या घराला कोणीतरी प्लास्टिकचा चकचकीत रंग दिला आहे, दहा वर्षं टिकणारा. ओल आत कोंडली, सप्टेंबरात जिन्याशेजारी तळहाताएवढे फुगे आले, एक बोटानं दाबला तर आतून पिठासारखा गिलावा गळला. खालच्या मजल्यावर कोणी सिमेंटनं डागडुजी केली आहे, तिथे लोणा लागलाय, म्हणजे ओलीबरोबर मीठ वर येऊन भिंत खातंय. शेजारच्या आजींचं घर साध्या चुन्याचं. दर वर्षी रंगवतात, दर वर्षी कुरकुरतात, आणि त्यांची भिंत नीट आहे.

न्हाणीघराबद्दल लिहिताना मला अजून हसू येतं. बेडरूम आणि न्हाणीघर यांच्यामध्ये भिंत नाही, काच आहे. अर्धपारदर्शक वगैरे काही नाही, चांगली आरपार. मधुचंद्राला आलेल्यांसाठी ठीक असेल. गणपती झाल्यावर साताऱ्याहून सासूबाई आल्या. आम्ही त्यांना बेडरूम दिली. त्या आत गेल्या, बाहेर आल्या, आणि शांतपणे विचारलं, "अगं, मोरी कुठंय?" दाखवली. त्यांनी काही न बोलता पिशवीतून सोलापुरी चादर काढली. तीन आठवडे ती त्या काचेवर होती. आत नळाखाली बादली बसत नाही, कारण नळच नाही, वरून पावसासारखा पडणारा फवारा आहे. बाहेरही पाऊस, आतही पाऊस.

स्वयंपाकघर दिवाणखान्याच्या एका टोकाला, उघडं. ओटा काळ्या दगडाचा, झकास. गॅस नाही, फक्त इंडक्शन. पोळ्या होतात. भाकरी तव्यावर होते, पण शेवटी आचेवर धरून फुगवायची सोयच नसल्यामुळे सासूबाईंनी तिला 'आजारी भाकरी' असं नाव दिलं. जुन्या भिंतीला भोक पाडायचं नाही म्हणून चिमणीचा पाइप बाहेर काढलेला नाही, ती हवा गाळून परत खोलीतच सोडते. बांगडे तळले की राखाडी सोफा तीन दिवस कोळीणबाईंच्या टोपलीसारखा. ओट्यामागे निळ्या-पांढऱ्या आझुलेजोची, म्हणजे पोर्तुगीज चित्रफरशांची, भिंत आहे असं जाहिरातीत लिहिलंय. ती फरशी नाही, छापील चिकटपट्टी आहे, वाफेनं कोपरे सुटलेत. हे मला आधी कळलंही नव्हतं. आझाद मैदानाजवळच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात १९३५ सालची, जॉर्ज कोलासो यांची खरी आझुलेजो चित्रं आहेत. फुकट बघता येतात. ती पाहून घरी आले आणि ओट्याकडे बघवेना.

कपडे वाळवणं हा पावसाळ्यातला सगळ्यात मोठा छळ. समोरच्या सज्जावर दोरी बांधायची नाही, घराची शोभा जाते, असं करारातच आहे. मागचं अंगण खालच्यांचं. धुऊन वाळवून देणारं एकच यंत्र आहे, ते एका टॉवेलला चार तास घेतं.

वाय-फाय दोन हात जाड चिऱ्यातून जात नाही, हे आर्किटेक्टला माहीत असावं, कारण प्रत्येक खोलीत वेगळा डबा लावला आहे. याबद्दल पूर्ण गुण. दिवे मोबाइलवरून लागतात, आणि नेट गेलं की अंधारात भिंतीवर हात फिरवत बटण शोधायचं. गाडी ठेवायला जागा नाही. खाडीच्या बाजूला मिळेल तिथे लावायची, आणि भरती व मुसळधार पाऊस एकाच वेळी आले तर शेजारच्या मळा या वस्तीत पाणी चढतं, तेव्हा रात्री उठून हलवायची. आम्ही दोनदा हलवली. तिसऱ्यांदा गाडी पुण्याला पाठवून दिली.

आणि ती गेल्याचं काही वाटलं नाही, कारण इथे राहण्याची खरी मजा पायी आहे. सकाळी साडेसहाला पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत येतो. पोय, म्हणजे गोव्याचा कोंड्याचा पाव, घ्यायला खाली उतरायचं, गरम पोय नि लोणी. खाडी ओलांडली की पाटो भागात कृष्णदास शामा राज्य ग्रंथालय, १८३२ साली सुरू झालेलं. मराठी पुस्तकांची कपाटंच्या कपाटं, आणि वीज गेली की माझं ऑफिस तिथेच. जिन्यानं आल्तिनो टेकडीच्या बाजूला चढलं की मारुतीचं देऊळ. जत्रेत त्या पायथ्याशी इतकी गर्दी, की खाजं घ्यायला अर्धा तास लागला.

सज्जात बसून काम करायचं स्वप्न असेल तर नोव्हेंबरपासून ते विसरा. रस्त्यावर दिवसभर फोटो चालतात. लग्नाआधीचे फोटो, रील, पिवळ्या भिंतीला पाय टेकवून उभे राहणं. शेजाऱ्यांनी पाट्या लावल्यात, कोण वाचतं? एकदा मी सज्जात चहा पीत होते तर खालून एक मुलगा ओरडला, "आंटी, जरा अंदर जाइए ना, फ्रेम में आ रही हैं." नऊ महिन्यांचं भाडं भरून मी माझ्या सज्जातून आत गेले. रागानं नाही, थक्क होऊन. पर्यटकांना फिरवणारे लोक रोज सांगतात की इथला एकतीस जानेवारी रस्ता म्हणजे पोर्तुगाल स्पेनच्या ताब्यातून सुटला त्या दिवसाचं नाव. ती सुटका १ डिसेंबर १६४० ची. ३१ जानेवारी हा १८९१ साली पोर्तो शहरात राजेशाहीविरुद्ध झालेल्या, फसलेल्या उठावाचा दिवस. हे मला वरून ओरडून सांगायचं होतं. नवऱ्यानं हाताला धरून आत नेलं.

घ्यावं का? डिसेंबर ते फेब्रुवारी, दोन माणसं, आठवडाभर: डोळे मिटून घ्या. ऑक्टोबरात दिवाणखान्यात गादी टाकून झोपा, एसी लागणार नाही. वयस्कर माणसं बरोबर असतील तर जिना उंच आहे, आणि चादर न्या. पावसाळ्यात महिनाभराहून जास्त राहायचं तर रोज सकाळी खिडक्या उघडणं, दुपारी सर आली की पावसाकडच्या मिटणं, संध्याकाळी पुन्हा उघडणं, कपाटांची दारं उघडी टाकणं, हा अर्ध्या तासाचा घरगडीपणा अंगावर घ्यावा लागेल. मला तो आवडायला लागला होता, खोटं कशाला बोलू.

निघताना अनामत पूर्ण परत मिळाली. मालकीणबाईंनी विचारलं, पुढच्या जूनला परत येणार का? मी कळवलंय: भाडं तेच, अट एकच, बेडरूमच्या उरलेल्या दोन्ही काचा काढा. त्यांनी आर्किटेक्टला विचारते म्हणून सांगितलं. काकांना मी फोन केला तर ते म्हणाले, सुरी तयार आहे.